सिपोराबाईंची टाकी

सोमवार, ४ नोव्हेंबर १९६३
मित्स्पे रामोन

पोचलो एकदाचे! बेरशेबाहून बस निघाली तेव्हा निली माझ्या मांडीवर पेंगत होती. उतरलो तेव्हा ती ड्रायव्हरच्या पाठीशी उभी राहून त्याला शाळेतलं गाणं म्हणून दाखवत होती आणि तोही मान डोलावत होता. बोटीने या देशात आल्यापासून वर्षभरात पोरीची हिब्रू अशी झाली आहे की मी मराठीत विचारते आणि ती हिब्रूत उत्तर देते. नावसुद्धा शाळेतल्या बाईंनी बदललं. ठाण्याला नलिनी होती, इथे निली.

घर दोन खोल्यांचं. स्वतःचा नळ, स्वतःची मोरी! रामल्याला नणंदेकडे मधे पडदा लावून काढलेलं वर्ष आठवलं आणि मी रिकाम्या खोलीत उगाचच चकरा मारून घेतल्या. शौलना खाली खदानीच्या वर्कशॉपात फिटरचं काम मिळालं आहे. घरामागे थोडं चाललं की जमीनच संपते. खाली एवढा प्रचंड खड्डा की पलीकडची कड निळी दिसते. निलीने विचारलं, इथला समुद्र आटला का? शौल म्हणाले, हो, तुझ्यासाठी पुन्हा भरून आणू.

सामान सोडतोय तोच दारात एक म्हातारे गृहस्थ, हातात किटली. "आलं घातलंय बाय, गरम हाय तवर घ्या," म्हणाले. हे अबाजीकाका. नवगावचे, पिढीजात तेलाच्या घाण्याचे. शेजारच्या घरात एकटेच राहतात. त्यांची बायको गेल्या हिवाळ्यात वारली. इतक्या लांब, या उजाड जागी मराठी ऐकून मला चहा पिता पिता हसूच यायला लागलं. आईला उद्याच पत्र टाकते: तुझी येहुदित सुखरूप आहे, आणि इथे आल्याचा चहा मिळतो.

रविवार, १७ नोव्हेंबर

मलाही काम मिळालं. गावाच्या टोकाला दगडी भिंतींचं एक लांबलचक गुदाम आहे, वर पत्रा. त्याला सगळे भाजीघर म्हणतात. इथली माती खारट, पाणी मोजकं, आणि थंडीत बाहेर गवताची काडी तग धरत नाही. म्हणून भाजी आत पिकवायची, तीही मातीशिवाय. शेतकी शिकलेली ओर्ना नावाची मुलगी हे सगळं बघते. आठवड्यातून एकदा बेरशेबाहून जीपने येते. मी इंटर सायन्सपर्यंत शिकले आहे हे कळल्यावर तिने फार विचारपूस केलीच नाही.

कमरेएवढ्या उंच सिमेंटच्या टाक्या, आतून डांबर फासलेल्या. वर तारेची जाळी, जाळीवर लाकडाचा भुसा, भुशात रोपं. मुळं जाळीतून खाली पाण्यात लोंबतात. त्या पाण्यात सोरा, पोटॅश, सुपरफॉस्फेट, मॅग्नेशियमचं मीठ आणि किंचित लोखंडाचा क्षार. रोपाला लागतं ते सगळं पाण्यातूनच मिळतं. एक पंप हवेचे बुडबुडे सोडत असतो. सूर्याच्या ऐवजी ट्यूबलाइट, उबेसाठी रॉकेलच्या शेगड्या. बाहेर वारा कान कापतो आणि आत टोमॅटो लालबुंद होताहेत! दार उघडून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरते.

ओर्नाने सगळं नीट समजावलं आणि एक गोष्ट बजावून सांगितली: पाणी कधीही फेकायचं नाही. घटलं तर भर घालायची. वाळवंटात तयार खताचं पाणी ओतून देणं म्हणजे पाप, म्हणाली. एरवी पंप चालू असला की मला निवांतपणा असतो. आजची ही रोजनिशीसुद्धा इथेच, काकड्यांच्या वेलाखाली खोक्यावर बसून लिहिते आहे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कोपऱ्यातली शेवटची टाकी वेगळीच आहे. तिच्यात टोमॅटो नाहीत, वाल आणि पडवळ आहेत! पानं पाहिल्याबरोबर ओळखली. शेंग मोडून हुंगली आणि क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना. बाकीच्या टाक्यांतली भाजी दिसायला छान, पण चव पाण्याची. या वालांना वालांचाच वास.

ओर्नाने सांगितलं ते असं. ही टाकी सिपोराबाईंची, म्हणजे अबाजीकाकांच्या बायकोची. माझ्याआधी त्याच इथे कामाला होत्या. नवगावहून पदराला बांधून आणलेलं बियाणं त्यांनी लावलं. त्यांची मुलगी लहानपणीच देवीच्या साथीत गेली होती. म्हणे, या टाकीशी त्या तिच्याशी बोलावं तसं बोलत. गेल्या जानेवारीत एका दुपारी इथेच टाकीच्या काठावर डोकं टेकून गेल्या. हात पाण्यात होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अबाजीकाका रोज सकाळी येऊन त्या टाकीपाशी बसतात. कुणी त्यांना हटकत नाही. मीही हटकणार नाही.

रविवार, ८ डिसेंबर

आज मन जरा अस्वस्थ आहे. पंपाला तेल देऊन वळले तर अबाजीकाकांनी जाळीचा कोपरा उचलून हात पाण्यात घातलेला. डोळे मिटलेले. मी म्हटलं, काका, क्षारांचं पाणी आहे, कातडी जाईल. ते हसले. म्हणाले, "ती धरून ठेवते गो. बोटं मोजते माझी. घाण्यात माझं एक बोट गेलं होतं ना, तिथं येऊन थांबते, मंग पुना पयल्यापासून."

मला भरून आलं. एवढ्या वर्षांचा संसार. मुळं बोटांना लागत असतील, आणि एकट्या माणसाला तेवढंही पुरतं. मी त्यांना टॉवेल दिला. हात पुसताना पाहिला: पांढराफटक, सुरकुतलेला, बर्फासारखा गार. पाणी तर कोमट आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

हनुक्का चालू आहे, आपला दिव्यांचा सण. निलीने अबाजीकाकांना दिवे लावायला बोलावून आणलं. ती त्यांना 'साबा' म्हणते, म्हणजे आजोबा. शर्ट अंगावर लोंबत होता. मी आल्यापासून ते निम्मे झाले आहेत. जेवायला बसवलं, चार घास खाऊन उठले. शौलनी सांगून पाहिलं, नर्सला तरी दाखवा. म्हणाले, मला काय झालंय? मी तर रोज तिला भेटतो.

टाकीतले वाल मात्र छपरापर्यंत पोचले आहेत. ओर्ना खूश आहे. तिला कळत नाही की या टाकीला खत घालावंच का लागत नाही. मी क्षार टाकते तेवढे तसेच्या तसे पाण्यात राहतात. मग वेल कशावर वाढतो?

मंगळवार, २४ डिसेंबर

तार आली. आई गेली.

भावाने तेवढंच कळवलं आहे. आजार कसला, केव्हापासून, काही नाही. माझं शेवटचं पत्र पोचलं होतं का, तेही नाही. शौलनी सुतकाच्या रीतीप्रमाणे आरसा झाकला, मला जमिनीवर बसवलं. अबाजीकाकांनी उकडलेली अंडी आणून दिली आणि नुसते शेजारी बसून राहिले. निली विचारत होती, 'सब्ता', म्हणजे आजी, आता पत्रात चॉकलेटचे कागद पाठवणार नाही का?

आईला मी बंदरावर शेवटची पाहिली. इतक्या माणसांत ती हात हलवत नव्हती. नुसता वर धरून उभी होती, मला दिसावा म्हणून.

गुरुवार, २ जानेवारी १९६४

कामावर गेले. घरात बसवत नव्हतं. काम करता करता रडू यायचं आणि पंपाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नव्हतं हे बरं होतं.

अबाजीकाकांनी जवळ बोलावलं. म्हणाले, हात घाल, बाय. मी नाही म्हटलं. त्यांनी सरकून जागा केली.

मी हात घातला.

आधी नुसती मुळं लागली, ओल्या लोकरीसारखी मऊ. मग ती जमा झाली. माझ्या हाताखाली एक तळवा तयार झाला. तापात आई माझी बोटं एकेक करून दाबायची, करंगळीपासून अंगठ्याकडे, आणि अंगठ्याशी आली की हलकेच ओढायची. तसंच. अगदी तसंच. तिचं स्टोव्हने भाजून वाकडं झालेलं मधलं बोटसुद्धा होतं.

मी किंचाळले नाही. मी म्हटलं, आई, मला यायला जमलं नाही गं.

तिने पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.

बुधवार, ८ जानेवारी

रोज जाते. काम उरकते आणि मग जाते, म्हणजे आधी तसं करायची. आता आधी तिकडेच जाते. काका एका बाजूला, मी एका बाजूला. बाहेर दाट धुकं आहे, सगळं गाव त्यात बुडालं आहे. इथे आत आई आहे.

जेवण नकोसं झालंय. शौल म्हणाले, तुझा हात किती गार लागतो. मी हात काढून घेतला.

सोमवार, २० जानेवारी

अबाजीकाका गेले.

सकाळी मी दार उघडलं तेव्हा ते टाकीला टेकून बसलेले. काल संध्याकाळी माझ्या नंतर थांबले असणार. हात कोपरापर्यंत आत. मी ओढला, निघेना. शौल धावत आले, खदानीतली आणखी दोन माणसं आली. शेवटी सुरीने मुळं कापावी लागली. नुसती गुंडाळलेली असती तर काही नव्हतं. ती नखांखालून आत गेली होती. कातडीखाली मनगटापर्यंत बारीक पांढऱ्या रेषा होत्या, आणि कापलेल्या टोकांतून लाल पाणी गळत होतं.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. त्या रेषा, म्हणाले, म्हाताऱ्या शिरा आहेत.

त्यांना सिपोराबाईंच्या शेजारी पुरलं. जमीन इतकी कडक की कुदळीतून ठिणग्या उडत होत्या.

गुरुवार, २३ जानेवारी

जाणार नव्हते. गेले.

फक्त एकदा, निरोप घ्यायला, असं मनाशी ठरवून हात घातला. आईने धरला. मग पलीकडून दुसरा हात आला. मोठा, राकट. एक बोट अर्धंच.

त्याने माझं मनगट पकडलं. अबाजीकाकांनी कधी मला बोटही लावलं नव्हतं. त्या हातात माया नव्हती. भूक होती.

मी सुटले कशी ते आठवत नाही. बोटांच्या टोकांवर रक्ताचे ठिपके आहेत, सुई टोचावी तसे. मग आईच्या हातात तरी — नाही. आईच्या हातात माया होती. मी ओळखते.

वेलाला आज फुलं आली. थंडीत, एकाएकी, सगळीकडे.

बुधवार, २९ जानेवारी

तू बिश्वात, झाडांचा सण. आपल्याकडे आज मलिदा व्हायचा. इथे नारळ नाही. सकाळी मी पोह्यांत गूळ कालवत बसले होते, आणि शाळेने मुलांना भाजीघर दाखवायला नेलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं तशी धावत सुटले.

ओर्ना मुलांना टोमॅटो दाखवत होती. निली त्यांच्यात नव्हती.

कोपऱ्यात होती. खोक्यावर चढून, बाही वर करून. चेहऱ्यावर इतकं हसू की मी क्षणभर दारातच थांबले. मला पाहून म्हणाली, "ईमा, सब्ता! सब्ता पो!" आई, आजी इथे आहे. आणि मग, कितीतरी महिन्यांनी मराठीत, "आजी माझी बोटं दाबते."

मी तिला खेचलं. तिचे हात सुटत नव्हते. मुळं तुटताना आवाज झाला, तसा आवाज झाडाचा नसतो. निली रडत होती, दुखतं म्हणून नाही. मी तिला आजीपासून तोडलं म्हणून.

तिची बोटं. दहाही.

गुरुवार, ३० जानेवारी

निलीला ताप. ओठ पांढरे. झोपेत करंगळीपासून अंगठ्यापर्यंत स्वतःचीच बोटं दाबते.

शौलना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, तू आईला रडलीसच नाहीस नीट. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांचा माझ्यावर जीव आहे, पण विश्वास नाही.

ओर्नालाही सांगितलं. ती म्हणाली, एवढी निरोगी टाकी तिने कुठे पाहिली नाही. सोमवारी दुपारी येऊन ती हे पाणी बाकीच्या सगळ्या टाक्यांत वाटणार आहे. आणि त्या वालांची रोपं बरण्यांत घालून शाळेला देणार आहे. प्रत्येक मुलाला एक.

या गावात प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी गेलेलं आहे. कितीजण तर युद्धातल्या मृत्यूछावण्यांतून एकटेच वाचून आलेले. त्यांच्या पाण्यात किती हात येतील?

रविवार, २ फेब्रुवारी

निली पळाली. ताप असताना, अनवाणी. भाजीघराच्या दाराला गाल लावून उभी होती. आतून, म्हणाली, आजी हाक मारते.

आईने मला कधी हाक मारली नाही. मला नुसतं धरून ठेवलं. पोरीला हाक मारते. पोरीत जीव जास्त आहे.

ती आई नाही. हे लिहायला मला इतके दिवस लागले. त्या टाकीला आईचा हात माझ्यातूनच मिळाला, माझ्या आठवणीतून. मी तिला दिला.

उद्या ओर्ना यायच्या आत पाणी सोडायचं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

शौल खदानीत. निली शेजारच्या बत्याबाईंकडे, त्या तिला सोडणार नाहीत, शपथ घेतली आहे. मी दाराला आतून कडी घातली.

टाकीचं बूच तळाशी आहे. हात घातल्याशिवाय निघत नाही. डावा घातला. उजव्याने लिहिते. शौल, तुम्हाला कळायला हवं म्हणून.

तिने धरलं. लगेच.

बूच लागलं. सैल होतंय. ती बोटं दाबते आहे. करंगळी. मग दुसरं. मी रडते आहे. तिला माहीत आहे मी काय करते आहे आणि तरी दाबते आहे, हळू, तापात दाबायची तशी —

निघालं. पाणी चाललंय. मोरीतून आवाज येतोय.

पानं मान टाकताहेत. छपरापासून खाली.

आता दाबत नाही. ओढते आहे. कोपराच्या वर आली. दुखत नाही, तेच वाईट, अजिबात दुखत नाही. ऊब वाटते. आई, मला सोड. नको, सोडू नकोस. नाही, सोड —

पाणी अर्धं. खाली सगळे आहेत. एक लहान आहे, फार लहान हात, सिपोराबाईंची मुलगी असेल. तिलाही कुणी इथून जाऊ दिलं नाही.

दाराशी कोण? निली? निली, बत्याबाईंकडे जा. ईमा येते. जा बाळ. मी दार उघडणार नाही.

उघडायला हात —

शौल, आधी सगळं जाळा. जाळी, भुसा, मुळं, सगळं. थोडं पाणी तळाला राहील. ते कुठेही ओतू नका, कुणाला देऊ नका. निलीला जवळ आणू नका. तिथे तिला माझा हात लागला, अगदी माझ्यासारखी तिची बोटं दाबली, तरी धरू देऊ नका. मी तिला ओढणार नाही कधी. ओढलं तर तो हात माझा न